फळी किती वाकेल

लग्न ठरताना माझ्या वडिलांनी विचारलं होतं, मुलगा काय करतो? मध्यस्थ म्हणाला, लॅबमध्ये आहे, वस्तू तोडतो. वडिलांनी पुन्हा विचारलं, तोडायचा पगार मिळतो? मिळतो म्हणाला, आणि पुढे पेन्शनही आहे. वडिलांनी लगेच होकार देऊन टाकला. मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, वस्तू तोडणारा माणूस घरात कसा वागतो ते आधी बघून या. पण ती काळजी फुकट गेली असती. आमचे हे घरात इतके जपून वागतात की चहाचा कप उचलायच्या आधी त्याचा कान हलवून बघतात.

बाहेर मात्र दिवसभर तोडणं चालू असतं. सळ्या, साखळ्या, दोरखंड, प्लास्टिकच्या पट्ट्या. कुणीही काही नवीन बनवलं की विकायला काढण्याआधी ते यांच्या लॅबमध्ये येतं आणि यांच्या मशीनच्या जबड्यात जातं. मशीन ओढतं किंवा दाबतं, हे आकडे बघतात, आणि वस्तू किती ताणली, किती वाकली, कधी तुटली ते लिहून देतात. त्या मशीनला मी सवत म्हणते. इतक्या वर्षांत आमची दोघींची भेट झाली नव्हती, पण तिचं दुखणंखुपणं मला तोंडपाठ. आज तिचं तेल बदललं, आज तिचा आवाज बरा येत नाही. माझ्या गुडघ्यांचा आवाज यांना कधी ऐकू आला नाही.

मग घरात सून आली. आमचे चिरंजीव चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासतात. 'हे स्पष्ट दिसतं की हे?' यापलीकडे दिवसभर त्यांना बोलावं लागत नाही आणि तीच सवय त्यांनी घरी आणली आहे. अशा मुलाला अशी बोलकी मुलगी कशी मिळाली हे कोडं मला सुटलेलं नाही. डोळे तपासायला म्हणून ती दुकानात गेली आणि बहुधा त्या दिवशी तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

सूनबाईचं काम यांच्या बरोबर उलट. ती काही तोडत नाही. कॉम्प्युटरवर वस्तूचं चित्र काढते, वस्तू कशाची बनवणार ते त्याला सांगते, आणि कुठे किती भार पडला तर ती किती वाकेल, कुठून तुटेल, ते हिशेब करून आधीच सांगते. त्याला ही मंडळी मॉडेल म्हणतात.

"म्हणजे हे तोडून सांगतात आणि तू न तोडता सांगतेस," मी तिला म्हटलं होतं. "मग तूच शहाणी."

"नाही आई. बाबांसारख्या कुणीतरी आधी तोडून बघितलं नसेल तर मला एक अक्षर सांगता येणार नाही. प्लास्टिक किती ताणतं हे कॉम्प्युटरला कुठे माहीत असतं?"

हे तेव्हा पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पानही उलटलं नाही. त्याच दिवशी यांनी तिला पास करून टाकलं.

त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलाचं जे काही झालं ते विचारू नका. चमचा वाकवून दाखवला की तो परत सरळ का होत नाही, झाला तर कुठवर होतो, यावर दोघांची चर्चा आणि माझे चमचे वाकडे. यांना घरात तोंड आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. आणि माझं म्हणाल तर मी घरीच पडदे शिवते. दिवसभर मी आणि माझं शिलाई मशीन. संध्याकाळी सूनबाई आली की बॅग न उतरवताच माझ्याजवळच्या स्टुलावर बसते आणि ऑफिसात काय झालं ते प्रत्येकाचा आवाज काढून सांगते. तिच्या मालकाचा घोगरा आवाज ती असा काढते की मला शिवण थांबवावं लागतं. सासूने सुनेबद्दल असं उघड बोलू नये म्हणतात, पण मला ती फार आवडते. ती नसेल तर माझी संध्याकाळ होतच नाही.

म्हणूनच त्या फळीने माझी झोप उडवली होती.

सूनबाईची कंपनी लहान आहे. चालता न येणाऱ्या माणसांसाठी चाकाच्या खुर्च्या बनवतात. खुर्चीला खाली पाय ठेवायची फळी असते, ती इतकी वर्षं लोखंडाची होती आणि जड होती. खुर्ची गाडीत चढवता-उतरवताना नातेवाइकांचे हात भरून येतात. सूनबाईने मालकाच्या मागे लागून लागून त्याला पटवलं की काचेचे धागे मिसळलेल्या नायलॉनची फळी तेवढंच काम करेल आणि वजन निम्म्याहून कमी होईल. मालक म्हणाला, "मॅडम, तुमच्या भरवशावर साचा करतोय. पास झाली तर तुमचं खातं राहील. नाही झाली तर आपलं लोखंड आपल्याला बरं." खातं म्हणजे सूनबाई, एक कॉम्प्युटर आणि एक खुर्ची. त्याच सुमाराला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीने तिला बोलावलं होतं. तिने त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली होती. फळी पास झाली तर ती इथे राहणार आणि नापास झाली तर तिकडे जाणार, इतकं सरळ होतं. चिरंजीव काय, तेही जाणार. "डोळे सगळीकडेच असतात," ते म्हणाले. वर्षभरातला त्यांचा हा सगळ्यात मोठा विनोद.

आता फळी तपासायची कुठे? तसं मशीन आसपास एकाच ठिकाणी आहे. आमच्या सवतीकडे.

यांनी आपल्या वरिष्ठ बाईंना आधीच जाऊन सांगितलं की ही वस्तू माझ्या सुनेची आहे, दुसऱ्या कुणाला द्या. दुसरा तपासनीस मोठ्या रजेवर होता. बाई म्हणाल्या, "तुम्हीच करा. शेवटच्या चाचणीला मी स्वतः उभी राहीन. फक्त घरी या कामाबद्दल बोलू नका." बाई सहज बोलून गेल्या असतील. यांनी ते वाक्य काळजावर कोरून घेतलं. त्याच दिवशी जेवताना जाहीर केलं की रिपोर्ट जाईपर्यंत घरात फळी हा विषय बंद. सूनबाई म्हणाली, बरोबर आहे बाबा. लॅबमध्ये तर हे तिला अहो-जाहो करायला लागले. ती प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊन गेली तर म्हणाले, "या मॅडम, बसा. नमुने कुठून कापलेत?" तिने ते घरी येऊन मला यांच्या आवाजात करून दाखवलं. फळीबद्दल मात्र अवाक्षर नाही.

त्या पट्ट्या ओढून यांनी आकडे दिले, त्यावर तिचं मॉडेल झालं, मॉडेलवरून साचा झाला आणि साच्यातून फळी निघाली. एवढे सगळे दिवस आमच्या टेबलावर दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. "आज ढगाळ आहे." "हो, बाबा." चमचे सरळ राहिले, पण जेवण अळणी लागायला लागलं.

चाचणीच्या दिवशी सकाळी यांना चहा देताना मी हळूच म्हटलं, "काय हो, मिलिमीटरभर इकडे तिकडे झालं तर कुणाला कळतंय?"

यांनी कप खाली ठेवला. "त्या फळीवर कुणीतरी पाय ठेवणार आहे," म्हणाले. आवाज चढला नव्हता. मी मनातल्या मनात म्हटलं, ठेवू दे की, मिलिमीटरभर वाकली तर काय आभाळ कोसळणार आहे का?

संध्याकाळी हे आले ते सरळ गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालत बसले. झाडांना पाणी मी दुपारीच घातलं होतं. कुंड्यांखालून ओघळ आला तरी यांचं घालणं थांबेना, तेव्हा मी काय ते समजले.

"काय झालं?"

"रिपोर्ट उद्या जाईल."

"मी रिपोर्ट विचारला नाही, काय झालं ते विचारलं."

"उद्या," हे म्हणाले आणि आणखी एका कुंडीला पाणी घातलं.

दुसऱ्या दिवशी सूनबाई आली, स्टुलावर बसली, पण आवाज कुणाचाच काढला नाही. "नापास, आई. टोकाशी आठ मिलिमीटरच्या आत वाकायला हवी होती. साडेआठच्या वर गेली."

"थोडक्यात गेली की."

"थोडक्याचं नाही हो. माझं मॉडेल सात म्हणत होतं. वाकली साडेआठ. का वाकली तेच मला कळत नाही. कळलं असतं तर फळी दुरुस्त करता आली असती. आता मालकाला काय सांगू? जे मॉडेल एवढं चुकतं त्याच्यावर तो पुन्हा साचा कशाला करेल?" ती रडत नव्हती, पण रडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी मनावर दगड ठेवला आणि फार मोठेपणाने बोलले. मोठेपणाने बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडून नेहमी काहीतरी विचित्र निघतं. म्हटलं, "जा तुम्ही दोघं तिकडे. आमची काळजी करू नका. उलट तुमची खोली रिकामी झाली तर मला पडद्याचं कापड पसरायला जागा होईल."

मला वाटलं ती म्हणेल, काहीतरीच काय आई. ती म्हणाली, "बरं, आई." आणि उठून आत गेली.

बरं आई! दोन दिवस ते 'बरं आई' माझ्या डोक्यात घुमत होतं. इतकी घाई होती का जायची? तिने एक खोकं आणून त्यात पुस्तकं भरायला घेतली. मी खोक्याकडे बघायचं टाळलं आणि एका गिऱ्हाइकाचा पडदा उलट्या बाजूने शिवला.

सुट्टीचा दिवस आला. सगळी घरात. सूनबाई खोक्यापाशी, चिरंजीव तिला पुस्तकं उचलून देतात, हे केव्हापासून पेपरचं तेच पान वाचतात. टेबलावर चार कप चहा आणि कुणाच्या तोंडून शब्द नाही. माझं डोकं फिरलं. माझा राग तसा नाकावरच असतो, त्या दिवशी तो खाली तोंडात उतरला.

"अहो," मी म्हटलं, "रिपोर्ट गेला ना? मग मनाई संपली ना? आता बोला की."

"काय बोलायचं?" हे पेपरामागून म्हणाले.

"तिला विचारा, तुझं मॉडेल का चुकलं. आणि अगं, तू यांना विचार, तुमची चाचणी का चुकली."

"बाबांची चाचणी चुकणार नाही," सूनबाई म्हणाली.

"तिचं गणित बरोबरच असणार," हे म्हणाले.

"मग फळी खोटं बोलते का?"

मग सूनबाई येऊन टेबलाशी बसली आणि कपाकडे बघत, अगदी परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "बाबा, पट्ट्या ओढल्यात तेव्हा ताण मोजायची चिमटी लावली होती का?"

"चिमटी दुरुस्तीला गेली होती. तसं लिहिलंय मी. जबडे एकमेकांपासून किती लांब गेले त्यावरून मोजलंय."

"ते वाचलं मी. म्हणून तर मशीनचा वाटा वजा केला."

यांनी पेपर खाली ठेवला. "काय वजा केलंस?"

"मशीनचा वाटा. तुम्हीच मागे सांगितलं होतंत ना, की तुमचं मशीन जुनं आहे, ओढताना तेही थोडं ताणतं, आणि तुम्ही सगळ्यांना कच्चेच आकडे देता."

"सगळ्यांना देतो," हे म्हणाले. "तुला नाही दिले. तुला पुढे हिशेब करायचा होता, म्हणून मशीनचा वाटा मीच काढून टाकला होता."

मला काही समजलं नाही हे पाहून सूनबाईने समजावलं. कपडे वाळत घालायची दोरी खांबाला बांधून ओढली तर दोरी ताणते आणि खांबही जरा वाकतो. हातात येतं ते दोघांचं मिळून. दोरी खरी किती ताणली हे हवं असेल तर खांबाचं वाकणं वजा करावं लागतं. ते एकदाच करायचं असतं. यांनी केलं, आणि मग तिनेही केलं. त्यामुळे कॉम्प्युटरला वाटलं की हे नायलॉन फारच कमी ताणतं, फार कडक आहे. म्हणून त्याने सात सांगितले.

"मग तुम्ही तसं लिहिलं का नाही?" मी यांना विचारलं.

"लिहायची पद्धत नाही आमच्याकडे. एरवी मी ते करतच नाही. आणि लिहिलं असतं तर सुनेला वेगळी वागणूक दिल्यासारखं दिसलं असतं."

"आणि तू का नाही विचारलंस?"

"बोलायचं नाही ठरलं होतं ना," सूनबाई म्हणाली. मग जरा घुटमळली. "शिवाय बाबांच्या मशीनमध्ये खोट काढल्यासारखं झालं असतं."

"खोट आहेच तिच्यात," हे म्हणाले. सवतीबद्दल इतका खरा शब्द यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

त्यानंतर कुणी कुणाला विचारलं नाही. कप बाजूला सरकले, लॅपटॉप आला, चिरंजीवांना चार्जर आणायला पाठवलं. दोघं डोक्याला डोकं लावून बसली. हे आकडे सांगत होते, ती टाइप करत होती. स्क्रीनवर चाचणीची एक लाल रेघ होती. जरा वेळाने तिच्या खालून मॉडेलची निळी रेघ वर सरकत आली आणि तिच्यावर अशी जाऊन बसली की निळी दिसेनाशी झाली.

"साडेआठ," सूनबाई म्हणाली.

"साडेआठच्या वर जरासं," हे म्हणाले, आणि यांनी टेबलावर असा हात मारला की चारही कप उडाले. दोघांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून माझा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे फळी पास?" मी विचारलं.

"नापास," दोघं एकदम म्हणाली. तोंडभर हसत.

माझ्या हातात कापड कापायची कात्री होती. ती मी लांब ठेवून दिली.

"आई, असं बघा," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे लकाकत होते. "मघापर्यंत मला फळी नापास झाली एवढंच माहीत होतं. आता ती का झाली ते माहीत आहे. फळीला खालून एक कणा दिला, बोटभर उंचीचा, तर किती फरक पडेल ते मी आत्ता काढून दाखवते. साच्यात एक खोबण खोदायची फक्त, तिच्यात प्लास्टिक शिरलं की झाला कणा." तिने लगेच काढायला घेतलं. हे खुर्ची ओढून आणखी जवळ बसले आणि कणा सरळ असावा की टोकाला निमुळता यावर वाद सुरू झाला.

मी उभीच होते. खोकं अर्धं भरलेलं दिसत होतं. एवढं सगळं एकमेकांसाठी केलं, आणि एक प्रश्न कुणी विचारला नाही. मला स्वतःचाच राग आला.

"अगं," मी म्हटलं, "तुला जायचंय का?"

तिने मान वर केली. "तुम्हीच म्हणालात जा."

"मी काय म्हणाले ते सोड. मी पुष्कळ काही म्हणते. तुला जायचंय का?"

"नाही," ती म्हणाली.

"मग 'बरं आई' कशाला म्हणालीस?"

"तुम्हाला कापड पसरायला जागा हवी होती ना."

"मला कापड कशाला पसरायचंय? मला तू हवी आहेस," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच मोठा लागला. यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चिरंजीव चार्जरची वायर हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "मग खोकं रिकामं करू?"

"थांब," सूनबाई म्हणाली. तिने माझा हात धरला होता. "फळी अजून नापासच आहे. मालक नाही म्हणाला तर माझं खातं जाईल. मग घरी बसून मी तुमचं सगळ्यांचं डोकं खाईन आणि चार महिन्यांत तुम्हीच मला स्टेशनवर सोडून याल. तिकडच्यांची मुदत अजून आहे. खोकं असू दे."

ते खरंच होतं. काम नसलेली सूनबाई म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासा. तिला माझ्यासाठी घरी बसवून ठेवायची माझी तयारी नव्हती.

मालकाकडे जाऊन तिने काही लपवलं नाही. आमचा दोघांचा घोळ झाला, फळी कमजोर आहे, साच्यात खोबण खोदावी लागेल, आणि खोदली की फळी साडेसहाच्या आसपास वाकेल, असं तिने सांगून टाकलं. संध्याकाळी स्टुलावर बसून तिने मला मालकाचा घोगरा आवाज काढून दाखवला. "मॅडम, पहिल्यांदा सात म्हणालात, आता साडेसहा म्हणता. बाजारात भाव सांगताय का?" पण तयार झाला. एकदाच, पुन्हा नाही, म्हणाला.

नवी फळी निघेपर्यंत यांनी घरात वेगळाच ताप सुरू केला. केलेली प्रत्येक गोष्ट जाहीर करायची. "मी चहात साखर घातली आहे, कुणी घालू नका." "झाडांना पाणी घातलंय." "दाराला आतून कडी लावली आहे." रात्री मी म्हटलं, आता झोपलात तेही सांगा. "झोपलो," असं खरंच म्हणाले.

दुसऱ्या चाचणीला मीही गेले. बाहेरच्या माणसांना काचेच्या मागे उभं राहून बघता येतं, हे यांनी मला इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. सवतीला भेटायचं म्हणून मी चांगले कपडे घातले होते. मशीन माझ्या कल्पनेपेक्षा उंच निघालं. दोन जाड खांब, मध्ये आडवा तुळईसारखा भाग, रंग राखाडी. उजव्या खांबावर एका ठिकाणचा रंग पार उडून आतलं लोखंड चमकत होतं. हे तिथे आले आणि यांचा हात आपोआप नेमका त्या जागी जाऊन टेकला. मला तिच्याबद्दल पहिल्यांदाच जरा माया वाटली.

काचेपलीकडे वरिष्ठ बाई, मालक, हे आणि सूनबाई. यांनी फळी खुर्चीच्या सांगाड्याला बसवली तशी घट्ट बसवली आणि टोकाखाली डायल लावला, फळी किती खाली आली ते दाखवणारा. सूनबाईने फळीच्या मुळाशी, तुटलीच तर जिथून तुटेल असं तिचं मॉडेल म्हणत होतं तिथे, खडूने एक रेघ मारली. रेघ जरा वाकडी आली.

"मॅडम, सुरू करू?" हे म्हणाले. काचेला खाली फट होती, सगळं ऐकू येत होतं.

"करा."

मशीन वरून दाबायला लागलं. हे डायल वाचून मोठ्याने सांगत होते. दोन. तीन. साडेचार. मी पदर दाताखाली धरला होता. पाच. सहा. मशीन थांबलं, भार तसाच ठेवून. हे खाली वाकले, चष्मा वर केला, पुन्हा खाली केला. एवढा वेळ लागतो का एक आकडा वाचायला?

"सहा पूर्णांक चार दशांश," यांनी सांगितलं. वरिष्ठ बाईंनी स्वतः वाकून पाहिलं आणि मान डोलावली.

मालक पुढे झाला. "झालं ना? मग सोडवा ती फळी. दुकानात मांडायला नेतो."

"नाही," हे म्हणाले. "आमच्याकडे भार घेतलेली वस्तू बाहेर जात नाही. आत कुठे चीर गेली असेल तर कळत नाही. ती तुटेपर्यंत न्यायची असते." मग सूनबाईकडे वळले. "मॅडम?"

"तोडा, बाबा," ती म्हणाली. लॅबमध्ये ती यांना पहिल्यांदाच बाबा म्हणाली असावी, कारण यांचा हात क्षणभर थांबला.

मशीन पुन्हा दाबायला लागलं. फळी वाकत गेली, इतकी की मला बघवेना. आधी नुसतं कुरकुरल्यासारखं झालं, मग बंदुकीसारखा आवाज आला. मी जागच्या जागी उडाले. डोळे उघडले तेव्हा फळीचे दोन तुकडे झाले होते आणि सूनबाई आणि हे खाली वाकून ते बघत होते. खडूच्या रेघेपासून बोटभर अलीकडे तुटली होती.

"बोटभर का?" सूनबाई म्हणाली.

"कणा जिथे संपतो तिथे धागे आडवे झाले असणार," हे म्हणाले.

"आडवे कसे होतील? मी तर..." आणि सुरू झालं. मालक तुकडे हातात धरून उभा, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

जरा वेळाने तिला माझी आठवण झाली. ती काचेच्या या बाजूला आली, बॅगेतून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. दुसऱ्या शहरातल्या त्या कंपनीला लिहिलेला मजकूर होता. आपण विचारलंत याबद्दल आभारी आहे, पण मला इथलं काम सोडता येणार नाही.

"भाषा बरी आहे ना, आई?"

"चांगली आहे. पाठव."

"तुम्ही दाबा."

शिवणकामाने माझी बोटं राठ झाली आहेत, फोनला ती कळत नाहीत. एकदा दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं.

"गेलं का गं?"

"गेलं," ती म्हणाली.

मग माझा बांध फुटला. तिथेच, सवतीच्या देखत, मी सुनेच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. हे धावत बाहेर आले. माझ्याकडे बघितलं, हातातल्या तुकड्याकडे बघितलं, आणि मला समजावायला लागले.

"अगं, रडतेस काय? ती तुटायलाच हवी होती."